बांध आणि सावड : जालन्याच्या बेथेलपासून एक विचार

‘जालना सोन्याचा पालना’ ही म्हण मराठवाड्यात पूर्वापार ऐकू येते. कुंडलिका नदीच्या काठी वसलेल्या या व्यापारी गावाची भरभराट त्या म्हणीत साठवली आहे. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा होऊन जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. इतिहासाच्या अभ्यासकांना हा परिसर आठवतो तो २३ सप्टेंबर १८०३ रोजी झालेल्या असईच्या लढाईमुळे. ख्रिस्ती माणसाने मात्र जालन्याची आठवण आणखी एका कारणासाठी ठेवली पाहिजे. या शहराच्या जवळच बेथेल नावाची वस्ती आहे. हे नाव पवित्र शास्त्रातील आहे. भावाच्या रागाला भिऊन घर सोडलेल्या याकोबाने उघड्या माळावर धोंडा उशाला घेऊन रात्र काढली आणि जागा झाल्यावर त्या ठिकाणाला ‘देवाचे घर’ म्हटले, ते हे बेथेल. निजामाच्या राज्यात, मराठी मुलखाच्या मध्यावर, हे इब्री नाव रुजवले ते रेव्हरंड नारायण शेषाद्री या मराठी पाळकाने.

नारायण शेषाद्री हे कॅथलिक नव्हते. ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड या प्रेस्बिटेरियन मंडळीचे पाळक होते. मग कॅथलिक कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या या पानांत त्यांची कथा कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, वेगवेगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक व धर्मगुरू एकमेकांशी कसे वागले, त्यांचे सख्य कशावर उभे राहिले आणि कोठे थांबले, हे समजून घ्यायचे असेल तर जालन्याइतके बोलके ठिकाण मराठी प्रदेशात क्वचितच सापडेल. हा प्रश्न केवळ पाळकांचा नाही. एकाच आडनावाच्या दोन घरांपैकी एक मिस्सेला आणि दुसरे मंडळीच्या उपासनेला जाते, असे चित्र आपल्या भागात सर्रास दिसते. पाळकांच्या सख्याचा किंवा दुराव्याचा परिणाम अखेर लग्नाच्या मांडवात आणि दफनभूमीच्या फाटकाशी जाणवतो.

फुटीच्या वर्षातील स्नानसंस्कार

नारायण शेषाद्री परळीकर हे ब्राह्मण घराण्यातील. मुंबईत डॉ. जॉन विल्सन आणि रॉबर्ट नेस्बिट या स्कॉटिश मिशनऱ्यांच्या शाळेत ते शिकले आणि सप्टेंबर १८४३ मध्ये त्यांनी स्नानसंस्कार घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहावयास गेला. तो अजाण वयाचा असल्यामुळे न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. त्याला पुन्हा जातीत घ्यावे की न घ्यावे, यावर मुंबईत मोठे वादळ उठले आणि बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीसाठी पुढाकार घेतला. अव्वल इंग्रजी अमदानीचा इतिहास वाचणाऱ्यास ‘श्रीपत शेषाद्री प्रकरण’ ठाऊक असते. त्याचा थोरला भाऊ पुढे काय झाला, हे मात्र फार थोड्यांस ठाऊक असते.

येथे एका योगायोगाकडे लक्ष वेधावेसे वाटते. ज्या १८४३ साली नारायणराव ख्रिस्ती झाले, त्याच वर्षाच्या मे महिन्यात स्कॉटलंडची मंडळी दुभंगली. मंडळीच्या कारभारात सरकारचा व जमीनदारांचा हात किती असावा, या प्रश्नावरून शेकडो पाळक आपले वेतन व निवास सोडून बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च स्थापन केले. ही वार्ता मुंबईस पोहोचल्यावर विल्सन व नेस्बिट यांनीही फ्री चर्चची बाजू घेतली. त्यापायी त्यांना आपल्या संस्थेची नवी इमारतदेखील सोडावी लागली. म्हणजे या तरुणाने ख्रिस्ताच्या कळपात पाऊल टाकले, तेव्हा त्याचे गुरू एका फुटीच्या यातना भोगत होते. ज्या वादासाठी मंडळी फुटली, त्या वादाचा मराठी माणसाच्या जीवनाशी काडीचाही संबंध नव्हता. तरी त्या फुटीचे नाव मात्र त्याला जन्मभर लावावे लागले. आपल्याकडील बहुतेक पंथभेदांची कथा हीच आहे. भांडण एका देशात झाले आणि त्याचे वारसदार दुसऱ्या देशात जन्मले.

त्याच काळातील दुसरे उदाहरण बाबा पदमनजी यांचे. ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीचे हे लेखक १८५४ मध्ये बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीच्या मिशनऱ्याच्या हस्ते ख्रिस्ती झाले. पुढे १८६७ मध्ये त्यांना पुण्यात फ्री चर्चच्या पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि उत्तर आयुष्यात त्यांनी अनेक मिशनांनी मिळून चालवलेल्या पुस्तक-प्रकाशनाच्या कार्यास वाहून घेतले. एकाच माणसाच्या आयुष्यात इतके उंबरठे आले. परंतु कोणताही उंबरठा ओलांडताना आपण धर्म बदलला, असे त्यांना वाटले नाही. पहिल्या पिढीतील मराठी ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने ख्रिस्त हे घर होते आणि पंथ ही त्या घराची पडवी होती.

बेथेलचे शिवार

१८५४ मध्ये नारायण शेषाद्रींना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि १८६० नंतरच्या दशकात त्यांनी जालन्यास आपले कार्यक्षेत्र केले. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. पण तेथे इंग्रजांच्या तैनाती फौजेची छावणी होती. त्या छावणीच्या आधाराने त्यांनी शाळा आणि उपासना सुरू केली. थोड्याच वर्षांत गावोगावची मांग व महार कुटुंबे त्यांच्याकडे येऊ लागली. जन्माने ब्राह्मण असलेला हा गृहस्थ त्या कुटुंबांच्या ओट्यावर बसला, त्यांच्या मुलांस अक्षरे शिकवू लागला. ही गोष्ट त्या काळी किती मोठी होती, हे आज सहजासहजी ध्यानात येणार नाही.

ख्रिस्ती झालेल्या माणसास गावात राहणे अवघड होई. पाणवठा तुटे, बलुते बंद होई. म्हणून नारायणरावांनी निजाम सरकारकडे जमीन मागितली. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्या कारकिर्दीत ती मिळाली आणि त्या जमिनीवर बेथेल उभे राहिले. शेती, विहिरी, कारागिरी, शाळा आणि मध्यभागी प्रार्थनामंदिर अशी ती रचना होती. एका मुसलमान राज्यात, मुसलमान दिवाणाच्या अनुज्ञेने, एका मराठी पाळकाने अस्पृश्य गणलेल्यांसाठी गाव वसवले, ही घटना आपल्या इतिहासात ठळक अक्षरांत लिहिण्याजोगी आहे.

बेथेलपासून साठेक किलोमीटरवर औरंगाबादेस त्याच काळात दुसरे एक पाळक कार्य करीत होते. त्यांचे नाव रेव्हरंड रतनजी नवरोजी. हे जन्माने पारशी. ते अँग्लिकन पंथाच्या चर्च मिशनरी सोसायटीचे. त्यांनीही खेड्यापाड्यांतील दलितांमध्ये दीर्घकाळ सेवा केली. पलीकडे अहमदनगरास १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते. त्यांची परंपरा काँग्रिगेशनल. म्हणजे तीन शेजारच्या गावी तीन मंडळ्या, आणि त्यांतील दोन ठिकाणी सूत्रे हिंदी पाळकांच्या हाती: एक पूर्वाश्रमीचा ब्राह्मण, एक पूर्वाश्रमीचा पारशी.

या मिशनांनी आपापली क्षेत्रे वाटून घेतली होती. एकाच्या मुलखात दुसऱ्याने ठाणे घालू नये, असा तो शिष्टाचार होता. मराठवाड्यातील शेतकऱ्यास याचा अर्थ उलगडून सांगावा लागणार नाही. हा बांध होता. बांध स्पष्ट असला की शेजाऱ्यांत तंटा होत नाही. रामराम घालता येतो, अडीअडचणीला बैल मागता येतो. या व्यवस्थेने प्रॉटेस्टंट पाळकांत बऱ्याच अंशी शांतता राखली, ही गोष्ट मान्य केली पाहिजे.

परंतु बांधाचा दुसरा परिणामही झाला. जालन्याचा ख्रिस्ती प्रेस्बिटेरियन झाला, औरंगाबादचा अँग्लिकन झाला आणि नगरचा काँग्रिगेशनल झाला. यांपैकी कोणीही शिकवणुकीची तुलना करून निवड केली नव्हती. राहत्या गावावरून पंथ ठरला होता. नगरकडची मुलगी औरंगाबादेस सून होऊन आली की तिची मंडळी बदले, उपासनेचा ग्रंथ बदले. भांडण टळले, पण सहवासही टळला. ज्यांना कधी एका शेतात राबावे लागत नाही, त्यांची ओळख बांधावरच थांबते.

न्यूयॉर्कची परिषद आणि तिचे फळ

बांधापलीकडचे दर्शन नारायण शेषाद्रींना घडले ते सातासमुद्रापलीकडे. निरनिराळ्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या लोकांनी १८४६ मध्ये लंडन येथे इव्हँजेलिकल अलायन्स नावाचा संघ स्थापला होता. त्या संघाची मोठी परिषद ऑक्टोबर १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथे भरली. युरोप व अमेरिकेतील नामांकित धर्मपंडित तेथे जमले होते. त्यांच्यात डोईस पागोटे घातलेले आमचे हे जालन्याचे पाळक होते. ज्या काळात हिंदी माणसाने गोऱ्या मिशनऱ्याचा हाताखालचा माणूस म्हणून राहावे असे गृहीत धरले जाई, त्या काळात एक मराठी पाळक जगाच्या व्यासपीठावर बरोबरीच्या नात्याने उभा राहिला आणि आपल्या देशातील कार्याविषयी बोलला.

त्या परिषदेत जे घडले ते मनन करण्यासारखे आहे. परिषदेच्या दिवसांत न्यूयॉर्कच्या प्रेस्बिटेरियन मंदिरांत निरनिराळ्या पंथांच्या लोकांनी एकत्र प्रभुभोजन घेतले. त्यात इंग्लंडच्या अँग्लिकन मंडळीतील कँटरबरीचे डीन पेन स्मिथ आणि अमेरिकेच्या एपिस्कोपल मंडळीतील बिशप जॉर्ज डेव्हिड कमिन्स हे सहभागी झाले. त्यावरून त्यांच्या स्वतःच्याच मंडळीत टीकेचा भडका उडाला. बिशप कमिन्स यांनी नोव्हेंबरात आपल्या मंडळीचा त्याग केला आणि २ डिसेंबर १८७३ रोजी रिफॉर्म्ड एपिस्कोपल चर्च या नावाची नवी मंडळी जन्मास आली. ऐक्यासाठी भरलेल्या परिषदेनंतर दोन महिन्यांच्या आत ख्रिस्ती जगात आणखी एका पंथाची भर पडली!

यावरून कोणी हसू नये, आणि आम्हा कॅथलिकांनी तर मुळीच नाही. त्या माणसांच्या मनातील जिव्हाळा खोटा नव्हता. पण त्यांनी जो प्रश्न सुटला असे मानले, तो त्यांच्या मंडळ्यांमध्ये सुटलेला नव्हता. काहींना वाटे की एका मेजावर बसणे ही ऐक्याची सुरुवात होय. काहींना वाटे की ते ऐक्याचे अखेरचे फळ होय. कॅथलिक ख्रिस्तसभा दुसऱ्या पक्षाची आहे. ख्रिस्तशरीर एकत्र स्वीकारणे म्हणजे एक श्रद्धा, एक ख्रिस्तसभा यांची साक्ष देणे. ते ऐक्य पूर्ण होण्यापूर्वी ती साक्ष देणे तिला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. हा नियम कधी कधी बोचतो. तो बोचतो, हेही बरेच आहे. जखम बोचेनाशी झाली तर ती बरी करण्याची तळमळ राहणार नाही.

नारायण शेषाद्री त्यानंतरही अनेक वर्षे जालन्यात राबले. १८९१ मध्ये परदेशाहून परतताना समुद्रप्रवासातच त्यांचा अंत झाला. स्वतः वसवलेल्या बेथेलच्या मातीत विसावा घेणे त्यांच्या नशिबी नव्हते.

आपण तेव्हा कोठे होतो?

आता आपल्याकडे वळू. फ्रान्सच्या आन्सी नगरातून निघालेले फ्रान्सिस द सेल्स यांच्या संघाचे धर्मगुरू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास विशाखापट्टणमला आले आणि तेथून त्यांचे कार्य नागपूर, कामठी व औरंगाबादच्या बाजूस पसरले. १८८७ मध्ये नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला आणि हा मुलूख त्याकडे गेला. शतकाच्या अखेरीस गंगाथडीच्या खेड्यांत त्यांनी पाय रोवले. नगरकडे १८७८ च्या सुमारास येशूसंघीय धर्मगुरू आले. त्यांच्या त्यागाविषयी, उन्हातान्हात पायी केलेल्या फेऱ्यांविषयी आपण नेहमी कृतज्ञतेने बोलतो, आणि ते योग्यच आहे.

परंतु इतिहास पुरता सांगायचा तर हेही सांगितले पाहिजे की, प्रॉटेस्टंट मिशनांच्या त्या वाटणीत कॅथलिक नव्हते. त्यांनी बोलावले नाही आणि आपणही गेलो नसतो. इव्हँजेलिकल अलायन्सच्या स्थापनेतच रोमविरोधाचा एक धागा होता. इकडे रोमहून १८६४ मध्ये इंग्लंडच्या महागुरूंना आदेश गेला की, ऐक्यासाठी प्रार्थना करणाऱ्या मिश्र संघात कॅथलिकांनी सामील होऊ नये. १९२८ मध्ये पोप पायस अकरावे यांनी आपल्या परिपत्रात अशा परिषदांपासून दूर राहण्याचे पुन्हा बजावले. श्रद्धेची भेसळ होऊ नये, ही त्यामागील काळजी होती. खेड्याच्या पातळीवर मात्र त्या काळजीचे रूपांतर बऱ्याचदा हेव्यादाव्यात झाले. ‘आमची मेंढरे पळवली’ अशी तक्रार दोन्ही बाजूंनी झाली. एका वस्तीत दोन शाळा उभ्या राहिल्या; एकीवर नाराज झालेले कुटुंब दुसरीकडे गेले. ज्या गावाने आधीच या लोकांना वेशीबाहेर ठेवले होते, त्या गावाला वेशीबाहेरची ही दुसरी फाळणी पाहायला मिळाली.

या दुराव्याची एक खूण आपल्या भाषेत अजून शिल्लक आहे. ते बाप्तिस्मा म्हणतात, आपण स्नानसंस्कार म्हणतो. त्यांचे पाळक, आपले धर्मगुरू. त्यांची मंडळी, आपली ख्रिस्तसभा. त्यांचे प्रभुभोजन, आपले मिस्साबलिदान. यांतील काही शब्दांमागे शिकवणुकीचा खरा भेद आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण काही शब्द केवळ वेगळ्या छापखान्यांतून निघाले म्हणून वेगळे राहिले. कोणता भेद खरा आणि कोणता केवळ सवयीचा, हे ओळखण्यासाठी दोघांनी एकमेकांशी बोलावे लागते. आणि शंभर वर्षे आपण बोललोच नाही.

बांधावरून सावडीकडे

मग हा अबोला सुटला कसा? आमच्या मते तो चर्चेने जितका सुटला, त्याहून अधिक एकत्र राबण्याने सुटला. शेतकरी याला सावड म्हणतात. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात. सावडीत कोणी आपले शेत दुसऱ्याच्या नावावर करीत नाही. पण दुसऱ्याच्या पिकाची काळजी आपली मानतो.

पहिली सावड शब्दांच्या शेतात झाली. कवी नारायण वामन टिळक हे १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि अमेरिकन मराठी मिशनचे पाळक म्हणून त्यांनी नगरला सेवा केली. १९१९ मध्ये ते निवर्तले. त्यानंतर चार वर्षांनी, १९२३ मध्ये, त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झाले ते जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूने लिहिलेले. टिळकांची भजने कोणत्याही एका पंथाची मालमत्ता राहिली नाहीत. याच विन्स्लोंनी ख्रिस्त प्रेम सेवा संघ स्थापला आणि १९२७ च्या सुमारास पुण्यास शिवाजीनगरात आश्रम उभारला. पुढे तो आश्रम ओस पडला. १९७२ मध्ये तो पुन्हा उघडला तेव्हा तेथे इंग्लंडच्या वाँटेज येथील अँग्लिकन भगिनी आणि सेक्रेड हार्ट संघाच्या कॅथलिक भगिनी एकत्र राहू लागल्या. वाँटेजच्या ज्या भगिनीसंघात १८८३ मध्ये पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला होता, तोच हा संघ. पुढे सेक्रेड हार्ट संघाच्या सिस्टर सारा ग्रँट यांनी त्या आश्रमाच्या आचार्यपदाची धुरा सांभाळली. एका छपराखाली, एका स्वयंपाकघरात दोन परंपरांच्या स्त्रियांनी संसार थाटला. आणि प्रभूच्या मेजापाशी असलेला भेद त्यांनी लपवला नाही.

साहित्यातही हेच घडले. प्रामुख्याने प्रॉटेस्टंट लेखकांनी सुरू केलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे पंधरावे अधिवेशन १९९२ मध्ये पुण्यास भरले, तेव्हा अध्यक्षपदी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. २०१० मध्ये त्यांचे ‘सुबोध बायबल’ प्रसिद्ध झाले. जानेवारी २०२० मध्ये ते मराठवाड्यातच, उस्मानाबादला, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा तो मान मराठी ख्रिस्ती माणसाचा होता आणि कोणत्या पंथाचा म्हणून तो वाटून घेण्याची गरज उरली नव्हती. २०२४ मध्ये ते प्रभूघरी गेले.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी आपापसांतील बांध एकेक करून मोडले. १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र आल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा परंपरांच्या मीलनातून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. त्यात अँग्लिकनही होते. जालन्याची नारायणरावांची परंपरा आणि औरंगाबादची रतनजींची परंपरा यांना एका मंडळीत येण्यास नारायणरावांच्या मृत्यूनंतर एकोणऐंशी वर्षे लागली.

कॅथलिकांसाठी दार उघडले ते द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी ख्रिस्ती ऐक्याविषयीचे आदेशपत्र जाहीर झाले आणि त्यानंतर अकराव्या दिवशी पोप पॉल सहावे मुंबईच्या युखरिस्त परिषदेसाठी भारतात उतरले. त्या आदेशपत्राने फुटीच्या पापात आपलाही वाटा असल्याचे मान्य केले, देवाची व विभक्त बांधवांची क्षमा मागितली आणि एकत्र प्रार्थना करण्यास उत्तेजन दिले. १९६८ मध्ये पवित्र शास्त्राच्या भाषांतरात कॅथलिक व प्रॉटेस्टंट यांनी मिळून काम करण्याची तत्त्वे ठरली. १९७७ मध्ये औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला, तो या नव्या वाऱ्यात. जालना याच धर्मप्रांतात येते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला धरणी हादरली. त्या वेळी कॅथलिकांची कॅरितास ही संस्था आणि प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स मंडळ्यांची कासा ही संस्था, दोन्ही त्या ढिगाऱ्यांत मदतीस धावल्या. तंबूत झोपलेल्या माणसाने कोणाचीही शिकवण तपासून पाहिली नाही.

आपल्या घरासाठी

या साऱ्या इतिहासातून धर्मग्रामातील कुटुंबाने काय घ्यावे? आम्हांस तीन गोष्टी सुचतात.

पहिली गोष्ट स्नानसंस्काराची. पाणी आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने दिलेला स्नानसंस्कार कॅथलिक ख्रिस्तसभा खरा मानते, मग तो दुसऱ्या मंडळीच्या पाळकाने दिलेला असो. अशा रीतीने बेथेलात ज्या मांग-महार कुटुंबांचा बाप्तिस्मा झाला, ती ख्रिस्तात आपली भावंडे झाली. ‘ते आपले नव्हेत’ असे घरात सहज बोलले जाते. मुलांच्या कानांवर ते पडू देता कामा नये.

दुसरी गोष्ट विवाहाची. मिश्र विवाह ठरला की दोन्ही घरांत ताण येतो आणि पुष्कळदा धर्मगुरूंना शेवटच्या आठवड्यात कळवले जाते. महागुरूंची परवानगी, मुलांच्या श्रद्धाशिक्षणाविषयीचे वचन या गोष्टींना वेळ लागतो. रोमने १९९३ मध्ये काढलेल्या ऐक्यकार्याच्या मार्गदर्शिकेनुसार, कॅथलिक मंदिरातील अशा विवाहात धर्मगुरूंच्या निमंत्रणावरून दुसऱ्या मंडळीचे पाळक शास्त्रपाठ वाचू शकतात, चार शब्द बोलू शकतात, आशीर्वाद देऊ शकतात. फार थोड्या कुटुंबांस हे माहीत असते. दोन पाळकांनी आधीच एकमेकांकडे चहा घेतलेला असेल, तर वेदीपाशी त्यांना अवघडल्यासारखे होत नाही.

तिसरी गोष्ट प्रार्थनेची. १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थनेचा आठवडा. १९०८ मध्ये अमेरिकेतील पॉल वॉटसन या एपिस्कोपल धर्मगुरूने ही प्रथा सुरू केली. पुढच्याच वर्षी तो आपल्या सहकाऱ्यांसह कॅथलिक झाला. आपल्याकडे हा आठवडा बहुधा एका संध्याकाळच्या कार्यक्रमावर भागतो. पाळक येतात, शाल-श्रीफळ होते, छायाचित्र निघते. छायाचित्रास आमचा आक्षेप नाही. पण वर्षातून एकदा बांधावर उभे राहून केलेला रामराम म्हणजे सावड नव्हे. आजारी माणसाच्या घरी दोन्ही मंडळ्यांच्या लोकांनी मिळून जाणे, दुष्काळात चाराछावणीस मिळून हात लावणे, दफनभूमीची भिंत मिळून बांधणे, शाळा सोडलेल्या मुलांची यादी मिळून करणे, ही सावडीची कामे आहेत आणि त्यांना कोणत्याही विश्वपरिषदेच्या नव्या आदेशाची गरज नाही.

करिंथच्या मंडळीत जेव्हा कोणी स्वतःला पौलाचा आणि कोणी अपुल्लोचा म्हणवू लागला, तेव्हा प्रेषिताने त्यांना शेताचाच दृष्टांत दिला होता. लावणारा निराळा असेल, पाणी देणारा निराळा असेल. पीक आणणारा देव आहे आणि शेतही त्याचेच आहे. जालन्याच्या काळ्या मातीत एका प्रेस्बिटेरियन पाळकाने लावले, शेजारी एका अँग्लिकन पाळकाने लावले, पुढे कॅथलिक धर्मगुरूंनी लावले. शेत धन्याचे आहे, याचा विसर पडला की बांध कोरण्याची इच्छा होते. आपले शिष्य एक असावेत अशी प्रार्थना प्रभूने दुःखसहनाच्या आदल्या रात्री केली. ती अजून पुरती फळास आलेली नाही. तोवर शेजारच्या मंडळीच्या पाळकांना, त्यांच्या घरच्या माणसांना आणि त्यांच्या कळपाला आपल्या रोजच्या कौटुंबिक प्रार्थनेत नावाने स्थान द्यावे, एवढी आमची वाचकांस नम्र विनंती आहे.